कृती क्रमांक सात

माणसाचा हात एक तर लवकर पोचतो, नाही तर बरोबर पोचतो. दोन्ही एकदम करणं त्याला जमत नाही, आणि जिथे पोचायचं ती जागा जितकी बारीक, तितकं ते आणखी कमी जमतं. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पुष्कळ हातांवर प्रयोग करून सिद्ध केलेली असून प्रशासनाने ती विचाराअंती अमान्य केलेली आहे. (सुईत दोरा ओवणाऱ्या कोणत्याही बाईला ती प्रयोगाशिवाय ठाऊक असते, परंतु बायांचं मत मागवण्याची तरतूद नव्हती.)

या अमान्यतेचा पहिला लाभ मिळाला तो एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या रक्त-संकलन कक्षाला. कक्ष म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, दोन खुर्च्या, आणि दारातून जिन्यापर्यंत गेलेली रांग. रांगेसाठी एक बाक होतं. त्याच्या चौथ्या पायाच्या जागी दोन विटा होत्या, आणि त्या हलू नयेत म्हणून कडेला बसणाऱ्याने उठायचं नाही असा अलिखित नियम होता. खोलीत स्पिरिटचा वास असे आणि भिंतीवर एक घड्याळ असे, जे पाहून रांगेतला प्रत्येक जण चुकचुकत असे. घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, त्यामुळे लोकांना राग वेळेच्या आधीच येई.

टेबल क्रमांक एकवर सव्वीस वर्षं ताई बसत होत्या. ताईंचं काम रक्त काढण्याचं. त्यांच्याकडे एकच कसब होतं, आणि आजच्या काळात ते सांगायलाही संकोच वाटतो: त्यांची सुई पहिल्या खेपेला शिरेत जायची. कोपराच्या लवणीत त्या बोट ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि गप्प बसायच्या. मग शीर जिथे असेल तिथे सुई. हात झटकणं नाही, ओरडणं नाही, आई गं नाही. या कामात नाट्य असं काही नव्हतंच, म्हणून सव्वीस वर्षांत त्यांचं कौतुक कुणी केलं नाही.

टेबल क्रमांक दोनवर तुफान होता. हे नाव रांगेने ठेवलेलं. वय तिशीच्या आसपास, आधी पेट्रोल पंपावर नोकरी, मग तीन आठवड्यांचं प्रशिक्षण. मनाने मुलगा चांगला होता. त्याला शिरा कुठे असतात ते शिकवलं होतं, आणि लोकांच्या शिरा तिथे नसतात हे त्याला रोज नव्याने कळत होतं.

अशा या कक्षात एके दिवशी गती-अधिकारी आले. यापूर्वी त्यांनी दवाखान्याच्या टपाल विभागात क्रांती केली होती. पाकिटावरचा पत्ता वाचण्यात प्रत्येक पत्रामागे चार सेकंद वाया जातात हे त्यांनी शोधून काढलं आणि वाचन बंद केलं. तेव्हापासून त्या विभागातून पत्रं विक्रमी वेगाने बाहेर पडत होती. (ती कुठे गेली हा बाहेरचा विषय असल्याने त्यावर भाष्य करणं उचित होणार नाही.)

साहेबांनी ताईंच्या शेजारी खुर्ची टाकली आणि हातात घड्याळ घेऊन दोन दिवस त्यांचं निरीक्षण केलं. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. ताईंच्या कामात एकूण अकरा कृती असून त्यांना एकशे पन्नास सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं, लागतात असं त्यात म्हटलं होतं. ती यादी भिंतीवर लावण्यात आली, ती अशी:

१. पेशंटला खुर्चीत बसवणे – १५ सेकंद
२. डॉक्टरांची चिठ्ठी वाचणे – १२ सेकंद
३. बाही वर करणे – १० सेकंद
५. रबरी पट्टा बांधणे – ८ सेकंद
६. मूठ मिटायला सांगणे – ४ सेकंद
७. बोट ठेवून काहीही न करणे – ४० सेकंद
८. स्पिरिटने पुसणे – ६ सेकंद
९. सुई टोचणे – २ सेकंद
१०. नळी भरणे – ३० सेकंद
११. कापसाचा बोळा दाबून कोपर मिटायला लावणे – १५ सेकंद

कृती क्रमांक सातखाली लाल रेघ होती.

"ताई, हे चाळीस सेकंद तुम्ही नक्की काय करता?" साहेबांनी विचारलं.

"शीर शोधते."

"पण मला हालचाल काही दिसली नाही."

"हललं की सापडत नाही, साहेब. ती बोटाखाली आपणहून वर येते. थोडं थांबावं लागतं."

"आणि नाहीच आली तर?"

"येते. थांबलं की येते."

साहेबांनी वहीत लिहिलं: 'संबंधित कर्मचारी कामाच्या वेळेत थांबत असल्याचे स्वतः कबूल करतात.' वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अशी वाक्यं लिहिता येणं ही अधिकाऱ्याच्या अंगी असावी लागणारी गोष्ट आहे आणि ती तीन आठवड्यांत शिकवता येत नाही.

मग मोजमाप ठरलं. माणसं मोजणं अवघड, कारण ती हलतात आणि तक्रार करतात. नळ्या मोजाव्यात तर त्या प्रयोगशाळेत जातात, आणि प्रयोगशाळा दुसऱ्या साहेबांकडे. उरली सुईची रिकामी पाकिटं. ती टेबलाखालच्या डब्यात पडतात, वाद घालत नाहीत, आणि प्रत्येक पाकीट म्हणजे एक टोचणी हे कुणालाही पटण्यासारखं आहे. पहिल्या आठवड्याचे आकडे आले: टेबल क्रमांक एक, तासाला बावीस पाकिटं. टेबल क्रमांक दोन, तासाला अडुसष्ट. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तुफान तिप्पट कार्यक्षम ठरला. (तासाभरात त्याच्यासमोर बसून गेलेली माणसं तेवीस होती. एकेकाला तीन-तीनदा बसल्याचं समाधान मिळालं होतं.)

सुधारणा आली की भाषा सुधारावी लागते. पहिल्या टोचणीत रक्त न येणे याला यापुढे 'चुकणे' म्हणायचं नाही असं परिपत्रक निघालं. तो 'प्राथमिक संपर्क'. दुसऱ्या खेपेला 'पाठपुरावा'. हातावर निळा-जांभळा डाग उठला तर ती सेवा मिळाल्याची पोचपावती. पोचपावत्यांचं प्रमाण महिन्यात एकशे चाळीस टक्क्यांनी वाढल्याची नोंद वार्षिक अहवालात अभिमानाने झाली.

ताईंना नोटीस मिळाली. कृती क्रमांक सात तात्काळ वगळावी, तासाला पंचेचाळीस पाकिटं गाठावीत, अन्यथा टेबल क्रमांक एक बंद करून त्यांना 'योग्य त्या कामावर' पाठवण्यात येईल.

घरी त्यांनी ती नोटीस नवऱ्यासमोर ठेवली. नवरा बस चालवायचा. जेवता जेवताच त्याने ती वाचली. "आमच्याकडे झालं की हे गेल्या वर्षी," तो म्हणाला. "गाडी वेळेवर पोचत नव्हती. मग वरून हुकूम आला, थांबे गाळा. आता एकही गाडी एक मिनिट उशिरा जात नाही."

"आणि थांब्यावरची माणसं?"

"ती उभी असतात ना. हात करतात." तो पाणी प्यायला. "तू पण टाक सोडून ते बोट ठेवणं. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी ऐकलं. सातवी कृती सोडली. सकाळच्या पहिल्या तासात त्यांनी एकोणचाळीस पाकिटं फोडली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एका म्हाताऱ्या सुताराच्या हातात त्यांची सुई तीनदा रिकामी फिरली. सुतार कोपर मिटून घेत एवढंच म्हणाला, "असू दे बाई, हल्ली सगळीकडे असंच." ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात धुतले, पुढच्या माणसाच्या कोपरावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. नोटिशीचं काय व्हायचं ते होवो असं त्यांनी त्या चाळीस सेकंदांत ठरवून टाकलं.

त्यांच्या या हट्टाला एक कारण होतं, आणि ते सात वर्षांचं होतं. तिला सगळे चिमणी म्हणत. तिला रक्ताचं दुखणं होतं आणि दर दुसऱ्या सोमवारी रक्त तपासल्याशिवाय पुढचं औषध मिळत नसे. इतक्या सोमवारांनी तिच्या हातांच्या बहुतेक शिरा निकामी झाल्या होत्या. डाव्या हाताच्या पाठीवर एक उरली होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ताई तिच्यावर बोट ठेवायच्या तेव्हा चिमणी डोळे घट्ट मिटून मोठ्याने आकडे मोजायची. चाळीसपर्यंत मोजायचे, त्याआधी डोळे उघडायचे नाहीत, असा दोघींचा करार होता. चाळीस म्हणेपर्यंत शीर वर आलेली असे, आणि डोळे उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं असे.

इथे साहेबांच्या न्यायबुद्धीची तारीफ केली पाहिजे. त्यांनी टेबल क्रमांक एक परस्पर बंद केलं नाही. निर्णय जनतेवर सोपवला. रांगेतल्या प्रत्येकाला एक पसंती-पत्रक देण्यात आलं. त्यावर दोन चौकोन होते. 'मला वेळ नाही, जलद सेवा हवी' हा चौकोन तळहाताएवढा होता. 'मी थांबू शकतो, टेबल क्रमांक एक चालू ठेवावे' हा चौकोन तिळाएवढा होता. यात पक्षपात नव्हता. घाईतल्या माणसाला खूण करायला जागा मोठी लागते, आणि ज्याला वेळ आहे त्याने तीळ शोधायला काय हरकत आहे? पेन एकच होतं, ते खिडकीच्या गजाला वीतभर सुतळीने बांधलेलं होतं.

या काळातच साहेबांची वार्षिक आरोग्य तपासणी आली. ते सकाळी लवकर आले, रांग लागायच्या आधी. दोन्ही टेबलं मोकळी होती. साहेब टेबल क्रमांक एकसमोर बसले.

"जरा सावकाश हं," ते म्हणाले. "माझी शीर पटकन सापडत नाही."

ताईंनी बोट ठेवलं. चाळीस सेकंद गेले. साहेबांनी डोळे मिटले होते आणि ते श्वाससुद्धा जपून घेत होते. सुई गेली कधी ते त्यांना कळलं नाही. या टोचणीची वेळ कुठे नोंदलेली नाही, कारण बाही वर करताना साहेबांना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवावं लागलं होतं.

पसंतीचा निकाल लागला. बाराशे अकरा पत्रकं आली. तळहाताएवढ्या चौकोनात बाराशे चार खुणा होत्या. तिळाएवढ्या चौकोनात सात. त्यातल्या पाच खुणा रेघेबाहेर गेल्यामुळे नियमानुसार शेजारच्या चौकोनात धरण्यात आल्या. सहावी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची होती, त्याने डोळ्याला भिंग लावून केलेली, आणि ती ग्राह्य धरण्यात आली. सातवी तपासणीअंती चिरडलेली मुंगी निघाली.

टेबल क्रमांक एक बंद झालं. वर्षातून एकदा, अधिकारीवर्गाच्या आरोग्य तपासणीपुरतं ते सकाळी अर्धा तास उघडावं अशी सवलत मात्र ठेवण्यात आली. ताईंना योग्य ते काम मिळालं. कक्षाच्याच कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांनी तुफानची रिकामी पाकिटं मोजायची होती. त्या कामाला 'वेष्टन-गणक' असं भारदस्त नाव होतं.

पुढच्या सोमवारी चिमणीला घेऊन तिचे वडील आले. ते दारोदार पार्सलं पोचवायचे. उशिराच्या प्रत्येक पार्सलामागे त्यांची रोजी कापली जायची. रिकामं टेबल पाहून ते कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळले.

"ताई, अहो हे काय? मी तुमच्यासाठीच खूण केली होती की! ही कडेवर होती, पण मी वाकून बघून केली."

मोजून झालेल्या पसंती-पत्रकांचा गठ्ठा स्टुलाजवळच पडून होता, त्यातून ताईंनी त्यांचं पत्रक काढून दाखवलं. खूण तिळाएवढ्या चौकोनात सुरू झाली होती आणि तिचं शेपूट शेजारच्या मोठ्या चौकोनात गेलं होतं.

वडिलांनी त्या शेपटावरून अंगठा फिरवला. "घाई होती हो," ते म्हणाले. "दहाला चौथ्या मजल्यावर पोचायचं होतं."

चिमणी टेबल क्रमांक दोनवर बसली. तिने सवयीने डावा हात पुढे केला, डोळे मिटले आणि थांबली. मग डोळे न उघडताच विचारलं, "काका, तुम्ही बोट नाही ठेवत?"

तुफानच्या हातातली सुई हवेतच राहिली. त्याने ती शीर पाहिली, मग कोपऱ्याकडे पाहिलं. "ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "मला ही नाही जमायची. तुम्ही या ना. पाकिटांच्या आकड्याचं माझं मी बघतो."

ताईंनी पाकिटं खाली ठेवली. वेष्टन-गणकाने पेशंटला हात लावायचा नाही असं नियमात स्पष्ट होतं, आणि सुई हातात घेणं म्हणजे नोकरीच जाणं. म्हणून त्यांनी सुई तुफानकडेच राहू दिली, त्याच्या शेजारी बसून चिमणीच्या हातावर नुसतं बोट ठेवलं. "मी सांगेन तेव्हाच," त्या त्याला म्हणाल्या. "तोवर हलायचं नाही." तुफानने आयुष्यात पहिल्यांदा हात स्थिर धरला.

"एक, दोन, तीन," चिमणीने सुरू केलं.

दहा झाले, पंधरा झाले. वडील भिंतीला टेकून उभे होते, त्यांचा फोन वाजत होता आणि तो त्यांनी घेतला नाही. वीस. ताईंच्या बोटाखाली काहीतरी किंचित धडधडलं. शीर येत होती. चोवीस. पंचवीस.

"अहो, झालं की नाही? हात चालवा की जरा!"

आवाज रांगेतून आला. मोठा नव्हता, शिवीगाळ नव्हती. आपण नेहमी बोलतो तसाच होता. पण तुफानच्या हाताला तीन आठवडे याच वाक्याचं वळण लावलेलं होतं. हात चालला.

शीर फुटली. चिमणीच्या हाताच्या पाठीवर निळा फुगवटा आला आणि पाहता पाहता पसरला. ती कळवळली, पण तिने डोळे उघडले नाहीत, कारण करार चाळीसचा होता. "सव्वीस," ती रडत म्हणाली. "सत्तावीस. अठ्ठावीस." ताईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या सगळ्यांसमोर रडल्या. चाळीस झाल्यावर चिमणीने डोळे उघडून विचारलं, "झालं?" आता पुढच्या वेळी पायात शोधावं लागणार, असं डॉक्टरांनी नंतर वडिलांना सांगितलं.

अहवालात त्या दिवसाची नोंद आहे: 'टेबल क्रमांक दोन, प्राथमिक संपर्क, यशस्वी.' पोचपावती अर्थातच मिळाली होती.

चौकशी मात्र झाली, कारण ताईंनी नियम मोडून बोट ठेवलं होतं. ओघात साहेबांनी तो आवाज कुणाचा हेही विचारलं. रांगेत तेवीस माणसं होती. पहिल्याने सांगितलं, आवाज माझ्या मागून आला. दुसऱ्याने सांगितलं, माझ्या मागून. अशी विचारणा जिन्यापर्यंत गेली. तेविसावा माणूस शपथेवर म्हणाला, माझ्याही मागूनच आला. त्याच्या मागे, वाचकहो, फक्त आपण होता.

आपण अर्थातच नाही म्हणाल. आपण तसे नाही. ही हकीकतसुद्धा आपण एकेक शब्द सावकाश, बोट ठेवून वाचलीत. मान्य आहे. मग भिंतीवरची ती यादी आपण वाचलीच असेल. तिची बेरीज एकशे पन्नास होत नाही, आठ सेकंद कमी भरतात. तीननंतर तिथे एकदम पाच येतं. चौथी कृती साहेबांनी यादी उतरवतानाच गाळली होती, आणि आपण तिच्यावरून पुढे आलात.

चौथी कृती होती: समोरच्याचं नाव विचारणे – ८ सेकंद.

ताई ते प्रत्येकाला विचारायच्या. त्या मुलीलाही, दर दुसऱ्या सोमवारी, माहीत असूनही. चिमणी हे रांगेने ठेवलेलं नाव. तिचं खरं नाव काय, हे आपण अजूनही विचारलेलं नाही.